"हुशार आहे म्हणजे सोपा आहे" हे कोणी ठरवलं?

"पहिला कुत्रा घेताय? डोळे मिटून बॉर्डर कोली घ्या" ही पोस्ट या महिन्यात मला चौथ्यांदा आली, शेवटची पाठवणारी माझी सख्खी मावसबहीण, म्हणून आता लिहितेच. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: जगातलं सगळ्यात हुशार ब्रीड आहे त्यामुळे आपोआप शिकतो, रोज दोन तास दमवला की घरात गप्प पडून राहतो, चुकला की लगेच आवाज चढवायचा नाहीतर तो अल्फा, म्हणजे घरातला म्होरक्या, होतो, लहान मुलांचा तर जन्माचा दोस्त, आणि लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढायचं नाही. माझी पहिली कुत्री कोलीच (मूळचं मेंढपाळांचं कुत्रं) आहे, आता ९ वर्षांची, आणि यातल्या दोन-तीन चुका मी स्वतः मन लावून केल्यात.

आधी ते हुशारीचं बघू. हुशार ब्रीड्सची ही यादी स्टॅन्ली कोरेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची, १९९४ ची, आणि ती त्याने ओबीडियन्स, म्हणजे आज्ञापालनाच्या, स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून बनवली. कोली त्यात पहिला, नवीन कमांड ५ पेक्षा कमी वेळा सांगून शिकतो वगैरे. बरोबर आहे. पण म्हणजे मोजलं काय, तर माणसाने शिकवलेलं तो किती पटकन उचलतो ते. आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळणारा माणूस दिवसभर नकळत काय काय शिकवत असतो त्याचं काय? अंगावर उडी मारली, तुम्ही हसून जवळ घेतलं, असं पाचदा झालं की झालं ना, शिकला! आमचीला आठवड्याभरात कळलं होतं की लॅपटॉप बंद झाल्याचा आवाज आला की फिरायला जायचं, मग लॅपटॉप उघडा असला तरी ती समोर उभी राहून भुंकायची आणि मी शहाणी दरवेळी उठायचे. एखादा मठ्ठ कुत्रा तुमच्या चुका माफ करतो, हा करत नाही.

आणि आपोआप म्हणाल तर चेसर नावाच्या कोलीला १०२२ खेळण्यांची नावं येत होती, हे सगळे कौतुकाने सांगतात, पण तिच्या मालकाने, जॉन पिलीने, त्यासाठी तीन वर्षं रोज चार-पाच तास घातले होते हे कोणी सांगत नाही. निवृत्त प्रोफेसर होता तो.

आता दमवण्याचं. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथेच मी आपटले. पहिल्या वर्षी सकाळ-संध्याकाळ पाऊण-पाऊण तास बॉल फेकायचे, ती धापा टाकत घरी यायची, दहा मिनिटं पडायची आणि परत बॉल माझ्या पायावर. मला वाटलं व्यायाम कमी पडतोय, मग दोन्ही वेळेला तासभर केला. दोन महिन्यांत माझ्याकडे एक पैलवान तयार झाला ज्याला दमवायला आता मलाच पैलवान व्हायला लागणार होतं, शिवाय भिंतीवर सावली हलली तरी ती तिच्यामागे धावायला लागली. जे तिला येत नव्हतं ते पळणं नव्हतंच, थांबणं होतं. पुढचे चार महिने बॉल कपाटात, आणि आम्ही दोघी चटईवर नुसतं पडून राहायचा सराव करत होतो (वाचायला सोपं वाटतं), फिरायला जायचं ते लांब पट्ट्यावर, तिच्या नाकाच्या मर्जीने, हळूहळू. लहान पिल्लाला तर दिवसाला १८ ते २० तास झोप लागते, संध्याकाळी ते चावरं होऊन घरभर सुटतं तेव्हा बरेचदा त्याची झोप झालेली नसते, आणि आपण त्याला अजून पळवतो. हाडांची वाढ पूर्ण व्हायच्या आधी रोजच्या उड्या आणि गर्रकन वळणं सांध्यांनाही बरी नाहीत ते वेगळंच.

अल्फा हा विषय मला वाटलं संपला, पण नाही. मुळात ती कल्पना शेंकेल नावाच्या प्राणी-अभ्यासकाने १९४७ मध्ये कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून मांडली होती. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९७० च्या पुस्तकात ती लोकप्रिय केली आणि त्यानेच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, सत्तेची मारामारी नाही. लांडगे बाजूला ठेवा, नाजूक स्वभावाच्या कुत्र्यावर ओरडून होतं काय ते सांगते. एकदा ती कचऱ्याच्या डब्यात तोंड घालत होती, मी जोरात ओरडले, नेमकं त्याच वेळी हातातलं झाकण पडलं. ती स्वयंपाकघरात तीन आठवडे आली नाही. कचरा खाऊ नये हे मात्र शिकली नाही, ते डबा उंचावर ठेवून सुटलं.

मुलांचा दोस्त? असतोही. पण पोस्टमधला फोटो नीट बघा, कोली मान खाली घालून, अंग चोरून सायकलवरच्या मुलाकडे एकटक बघतोय आणि खाली लिहिलंय "किती शांत बसलाय". अहो तो शांत नाहीये, तो मेंढरं वळवायच्या तयारीत आहे, पुढची पायरी धावणं आणि टाचेला दात.

लसींचं अर्धं खरं आहे. अनोळखी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका हे बरोबर, पण जग ओळखीचं करून घ्यायचा काळ साधारण ३ ते १२-१४ आठवड्यांचा आणि लसींचा कोर्स १६ आठवड्यांपर्यंत चालतो, म्हणजे तोवर कोंडून ठेवलंत तर बस गेली. कडेवर घेऊन फिरवा, गाडीत बसून रहदारी दाखवा, छत्रीवाले, टोपीवाले, म्हातारे, सगळे दाखवा, काय चालेल ते व्हेटला विचारून घ्या.

मावसबहिणीने विचारलं, मग घेऊच नको का? घे ना. पण पिल्लाच्या आधी आईला भेट, आई पाहुण्यांना बघून पलंगाखाली जात असेल किंवा ब्रीडर आईला दाखवायलाच तयार नसेल तर तिथून निघ. कामाच्या, म्हणजे खरोखर मेंढरं वळवणाऱ्या, कुत्र्यांच्या वंशातलं पिल्लू नको, डोळ्यांची आणि खुब्याच्या सांध्यांची तपासणी झालेले आई-बाप बघ. आणि कोणाला काही कारणाने सोडावा लागलेला दोन-तीन वर्षांचा कोली मिळत असेल तर मी तोच घेईन, कारण तो कसा आहे ते समोर दिसतं. तिने अजून ठरवलेलं नाही, रविवारी आमचीला भेटायला येतेय.