बोललं नसतं तर कळलं नसतं

मैत्री टिकवायची तर युद्ध-दहशतवादावर बोलूच नये, असा सल्ला एका लेखात वाचला. मला तो अजिबात पटला नाही. आम्ही चौघे नाशिककर दर रविवारी पांडवलेणी चढतो. मतं चार दिशांना. एक देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त, एक मूळ मालेगावचा.

पहलगामला २६ जण मारले गेले, ७ मे २०२५ला ऑपरेशन सिंदूर झालं, तेव्हा ‘आता थांबायचंच नाही’ म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. १० मेला शस्त्रसंधी झाली तर मला रागच आला. फौजी मित्र एवढंच म्हणाला, “पूंछमध्ये गोळे घरांवर पडले रे. तिथे राहणाऱ्यांना विचार.” तोफा ज्यानं चालवल्या त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर मी गप्प झालो. (कारवाई योग्यच होती, हे माझं मत आजही आहे.)

मालेगावच्या मित्राचा प्रश्न वेगळा. २००८च्या स्फोटात तिथे सहा जण गेले. ३१ जुलै २०२५ला विशेष न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. “मग बॉम्ब ठेवला कुणी?” त्या दिवशी आम्ही दोन तास वाद घातला, आवाज चढले, एक जण तर अर्ध्यातून उतरून गेला.

पुढच्या रविवारी पायथ्याशी सगळ्यात आधी तोच उभा होता.