‘दगडाला हात लावला तर काय झिजतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आंध्र प्रदेशातल्या बोर्रा या चुनखडीच्या गुहांवर मी लेख लिहिला होता. तिथला गाइड पोरांना लवणस्तंभांना, म्हणजे छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या खांबांना, हात लावायला सांगत होता, हे खटकल्याचं त्यात लिहिलं होतं. त्याखाली ऐरोलीच्या एका वाचकांनी लिहिलंय : "मास्तरीणबाई, लाखो वर्षं टिकलेल्या दगडाला एखाद्या लेकराने हात लावला तर काय झिजतं? गरीब गाइडला नावं ठेवणं सोपं असतं. त्याला पगार किती, शिकवलंय कोणी, हे विचारलंत का? कान्हेरी उशाशी असताना एवढ्या लांब जाऊन ज्ञान पाजळू नये. आणि बोर्रा आता विशाखापट्टणम जिल्ह्यात नाही."

शेवटचं आधी. तुमचं बरोबर आहे. एप्रिल २०२२ पासून अनंतगिरीचा तो भाग अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात गेला. विशाखापट्टणमहून रेल्वेने गेले होते, जुनंच नाव हातातून उतरलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘मास्तरीणबाई’. ठाण्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलं मला ‘बाई’ म्हणायची, त्यांचे पालक ‘बाई’ म्हणायचे, आजही गोखले रोडवर कुणी चाळिशीचा माणूस स्कूटर थांबवून ‘बाई, ओळखलंत का’ म्हणतो. त्या शब्दात काय असतं आणि तुमच्या शब्दात काय आहे, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. एखादी बाई एखादी गोष्ट नीट समजावून सांगते, तेव्हा ते ‘ज्ञान पाजळणं’ का होतं? हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं, तर तुम्ही ‘माहितीपूर्ण लेख’ म्हणून पुढे गेला असतात. मतभेद असू देत, मला वाद आवडतो. पण अनोळखी माणसाशी पहिलंच वाक्य असं बोलायचं, हे कुठून शिकलात?

राहिला दगड. प्रश्न झिजण्याचा नाहीच, तुम्ही मुळात चुकीचा प्रश्न विचारलात. लवणस्तंभ झिजत नसतो, तो वाढत असतो. आणि आपला हात ती वाढ थांबवतो.

दर वर्षी आठवीच्या वर्गात मी एक प्रयोग करायचे. खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची. मुलाने काचनळीतून त्यात फुंकर घातली की निवळी दुधाळ होते, म्हणजे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिच्यात चुनखडी तयार होते. पुस्तकातला प्रयोग तिथेच संपायचा. मी मुलांना थांबू द्यायची नाही, ‘फुंकत राहा’ म्हणायचे. दम लागेपर्यंत फुंकलं की दुधाळ पाणी पुन्हा नितळ व्हायला लागतं. तयार झालेली चुनखडी त्याच वायूमुळे परत विरघळते. अख्खी बोर्रा गुहा त्या परीक्षानळीत असते. पावसाचं पाणी मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरतं, चुनखडी विरघळवत छतापर्यंत येतं, थेंब लोंबकळतो, वायू उडून जातो आणि चुनखडीचा एक कण मागे राहतो. वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर वाढ झाली तरी पुष्कळ. म्हणजे बोटाच्या एका पेराएवढ्या लांबीला दोनशे-अडीचशे वर्षं.

त्या ओल्या टोकाला आपण बोट लावतो तेव्हा कातडीचं तेल तिथे बसतं. तेलकट जागी पाणी पसरत नाही, नवा कण धरत नाही. धूळ मात्र धरते, म्हणून लोकांच्या हाताला येणारे स्तंभ काळे आणि गुळगुळीत दिसतात. तुमचं ‘एखादं लेकरू’ एकटं नसतं हो! माझ्या गटातच वीस-पंचवीस जण होते, पाठोपाठ दुसरा गट, मग तिसरा.

हात सोडा, नुसता श्वासही पुरतो. फ्रान्समधली लास्को गुहाही चुनखडीचीच. १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. माणसांचा श्वास, ओल आणि दिवे यांनी भिंतीवरच्या हजारो वर्षांच्या चित्रांवर हिरवं शेवाळ आणि चुनखडीचा पांढरा थर यायला लागला. १९६३ मध्ये दार बंद केलं, ते आजतागायत. लोकांना शेजारी बांधलेली प्रतिकृती दाखवतात. हे वाचूनही तुम्हाला ‘काय झिजतं’ असंच वाटणार असेल, तर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

कान्हेरीचं म्हणाल तर मी किमान पंधरा सहली नेल्या आहेत. तिथली लेणी माणसांनी छिन्नीने खोदली, तीही काळ्या पाषाणात. सह्याद्रीचा हा सगळा दगड लाव्हाचा, त्यात लवणस्तंभ कुठून येणार? ‘कान्हेरी आहे ना, मग बोर्रा कशाला’ हे म्हणजे तलाव आहे ना, मग समुद्र कशाला.

गाइडबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. मी त्याचा अपमान केलेला नाही, लेख पुन्हा वाचा. छताच्या भोकातून खाली पडलेल्या गाईची आणि तिला शोधत गेलेल्या गुराख्याला सापडलेल्या पिंडीची गोष्ट त्याने फार छान सांगितली, हे मी तिथे लिहिलं आहे. खाली वाहणाऱ्या गोस्थनी नदीचं नाव त्या गोष्टीने माझ्या कायमचं लक्षात राहिलं. पण हातातली बॅटरी मगरीच्या आकारावर धरून तो पोरांना ‘हात लावून बघा’ म्हणाला, तेही मी ऐकलं आणि तेही लिहिलं. पगार आणि प्रशिक्षण हा वेगळा विषय आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, शब्दही बदललेला नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहा.