ओम्नीत ईकोचं इंजिन: ‘पन्नास हजारांत दुप्पट ताकद’ हा हिशेब कुठे चुकतो

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘जुनी ओम्नी विकू नका. भंगारातून ईकोचं नाहीतर स्विफ्टचं इंजिन आणा. एकाच कंपनीचं आहे, बसतंच. पन्नास हजारांत ताकद दुप्पट, घाट सोपा, मायलेज जास्त. आरटीओत फक्त इंजिन नंबर बदलून घ्यायचा.’ ज्यांचा भाजीचा, केटरिंगचा, मंडपाचा धंदा अजून मारुती ओम्नीवर चालतो, त्यांनी या भरवशावर गाडी गॅरेजला लावू नये, म्हणून हे उत्तर.

‘एकाच कंपनीचं आहे, बसतंच.’ नाही बसत. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत असतं आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद मागे नेणारा लांब दांडा, मागची चाकं फिरवतो. स्विफ्टचं इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढणारं. त्याचा गिअरबॉक्स ओम्नीत कामाचा नाही. त्यामुळे स्विफ्टचा विषय इथेच संपतो. ईकोचं इंजिन निदान उभं आहे. पण ओम्नीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. ईकोचं जुनं १,१९६ सीसीचं, चार सिलिंडरचं आणि लांबीला जास्त. म्हणजे इंजिन धरून ठेवणारी माउंटिंग नवी करा, सीटखालचा पत्रा कापा, ईकोचाच गिअरबॉक्स घ्या आणि शाफ्ट लेथवर कापून बॅलन्स करून आणा.

‘पन्नास हजारांत होतं.’ या सगळ्या कामात इंजिन हीच सर्वांत स्वस्त वस्तू असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर इंजिनाचा भाव ऐकून माणूस खूश होतो. पण रेडिएटर, सायलेन्सर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि अख्खं वायरिंग त्या भावात नसतं. गाडी कार्बोरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळायच्या जुन्या पद्धतीची असेल तर पेट्रोलची लाइनही बदलावी लागते. कार्बोरेटरला पेट्रोल अगदी कमी दाबानं पोचतं, एमपीएफआयला, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या ईकोसारख्या इंजिनाला, टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपातून कितीतरी जास्त दाबानं. जुनाच रबरी पाइप आणि साधी क्लिप ठेवून काम उरकलं, तर पेट्रोल उडणार ते गरम इंजिनावर, आणि ते इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. पैसे वाचवायला कुणी हा पाइप तसाच ठेवा म्हणत असेल, तर त्याच्याकडे गाडी देऊ नका.

‘ताकद दुप्पट, घाट सोपा.’ ताकदीचा आकडा खरा आहे. ओम्नी साधारण ३५ बीएचपीची, ईकोचं ते इंजिन ७३ बीएचपीचं. पण चढलेला घाट उतरायचाही असतो. ओम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) फक्त १,८४० मिलिमीटर, चाकं १२ इंची, बॉडी अरुंद आणि उंच, आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे फक्त पत्रा. ब्रेक त्या ३५ बीएचपीच्या गाडीला पुरतील असे. वेग ताशी ६० वरून ८० वर गेला की थांबवायची ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. मागे हजार रुपयांची भाजी असो की शाळेची पोरं, खंबाटकी घाट उतरताना ब्रेक ओम्नीचेच असतात. मला या मेसेजची खरी चीड येते ती इथे.

मायलेजचं तर बोलायलाच नको. जास्त सीसीचं, वापरलेलं इंजिन भंगारातून आणून पेट्रोल वाचतं, याला काही आधार नाही.

‘आरटीओत फक्त नंबर बदलायचा.’ आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, इंजिन नंबरासोबत सीसी आणि सिलिंडरची संख्याही असते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळेनाशी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. इंधन बदलण्यासाठी, म्हणजे सीएनजी किटसारख्या कामासाठी, अटींसह सवलत आहे. मोठ्या इंजिनासाठी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर इंजिन नंबर बघणारच. आणि बिलाशिवाय घेतलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलीस तुमच्या दारात येतात.

मग थकलेल्या ओम्नीचं करायचं काय? आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. तिन्ही प्लग काढून एकेका सिलिंडरला गेज लावायचा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. आकडा चढला तर रिंग-पिस्टन गेलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. नुसते व्हॉल्व्ह गेले असतील तर हेड उतरवून ग्राइंडिंग आणि फेसिंगवर भागतं, सिलिंडरच्या बोअरला हातही लावावा लागत नाही. ब्लॉकच फुटला असेल तर ओम्नीचंच ७९६ सीसीचं इंजिन, बिल आणि मूळ गाडीच्या कागदांसह घ्या, आणि गाडीत बसवण्याआधी आरटीओत अर्ज करा.