तेरा कोटी श्रोत्यांचा हिशेब

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला: नात्यातल्या, शाळेच्या आणि इथल्या मराठी मंडळाच्या. थोडक्यात तो असा: अमेरिकेत दर आठवड्याला तेरा कोटी लोक ख्रिस्ती टीव्ही आणि रेडिओ बघतात-ऐकतात, म्हणजे चर्चमध्ये जाणाऱ्यांपेक्षाही जास्त, या वाहिन्यांनी लाखो अश्रद्धांना देवाकडे वळवलं, त्यामुळेच तिथली चर्च ओस पडली, आणि आता बायबलचा पॉडकास्ट देशात पहिल्या क्रमांकावर आहे, म्हणजे पुढची पिढीही तिकडेच निघाली. तात्पर्य तेवढं ग्रुपप्रमाणे बदललेलं. एकीकडे ‘त्यांच्याकडून शिका’, दुसरीकडे ‘केवढं हे संकट’.

मी ओहायोत राहते. कामावर जाताना रोज पाऊण तास गाडीत जातो. रेडिओचं स्कॅन बटण दाबलं की ८८ ते ९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जो इथे बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे, दोन-तीन ख्रिस्ती केंद्रं हमखास लागतात. एकावर गाणी, एकावर प्रवचन. तेव्हा प्रसारण भरपूर आहे, यात वाद नाही. पण दुकानं भरपूर दिसली म्हणून गिऱ्हाईकही भरपूर असेल, असं धरून चालता येत नाही.

‘दर आठवड्याला तेरा कोटी’

हा आकडा हवेतून आलेला नाही, त्याला बाप आहे. १९७९ मध्ये ‘नॅशनल रिलिजस ब्रॉडकास्टर्स’ या धार्मिक प्रसारकांच्या संघटनेचे कार्यकारी संचालक बेन आर्मस्ट्राँग यांनी तो मांडला होता. रेडिओ आणि टीव्ही मिळून आठवड्याला तेरा कोटी, आणि या सगळ्याला त्यांनी नाव दिलं ‘इलेक्ट्रिक चर्च’. १९८० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या होती साधारण पावणेतेवीस कोटी. म्हणजे तान्ह्या बाळांसकट निम्म्याहून अधिक देश! ‘चर्चमध्ये जाणाऱ्यांपेक्षा जास्त’ हे शेपूट बहुधा खूप नंतरचं. २००५ मध्ये बार्ना या सर्वेक्षण संस्थेने त्या अर्थाच्या मथळ्याचा अहवाल काढला होता. त्यात रेडिओ आणि टीव्हीबरोबर पुस्तकं, मासिकं, वेबसाइट असं सगळंच एका टोपलीत होतं. १९७९ चा आकडा आणि २००५ चा मथळा यांची मोट बांधून आजचा मजकूर तयार झालेला दिसतो.

आर्मस्ट्राँग यांच्या दाव्याची तपासणी लगेचच झाली. जेफ्री हॅडन आणि चार्ल्स स्वॉन या अभ्यासकांनी १९८१ मध्ये आर्बिट्रॉन या मोजणी कंपनीचे आकडे पुढे ठेवले. देशभर दाखवल्या जाणाऱ्या सगळ्या धार्मिक टीव्ही कार्यक्रमांची प्रेक्षकसंख्या एकत्र धरली तरी ती सुमारे दोन कोटी भरत होती. ही निव्वळ बेरीज होती. रविवारी सकाळी एका आजींनी तीन प्रवचनकार पाहिले, तर त्या तीन वेळा मोजल्या गेल्या. जेरी फॉलवेल या टीव्ही प्रवचनकाराचा तेव्हा मोठा बोलबाला होता. त्यांचे प्रेक्षक अडीच कोटी असल्याचं छापून येई, पण आर्बिट्रॉनच्या हिशेबात ते पंधरा लाखही भरले नाहीत. पुढे १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग स्कूलने गॅलप या सर्वेक्षण संस्थेबरोबर मोठा अभ्यास केला. दुबार नावं गाळल्यावर नियमित प्रेक्षक उरले १ कोटी ३३ लाख, म्हणजे टीव्ही पाहणाऱ्यांपैकी सहा टक्के आणि थोडे वर. गंमत म्हणजे या अभ्यासाच्या खर्चात प्रसारकांच्या संघटनेचाही वाटा होता.

तेरा कोटींत रेडिओचा वाटा मोठा होता हे मान्य, आणि रेडिओ मोजणं आणखी अवघड असतं. रेडिओच्या धंद्यात दोन आकडे चालतात. एक ‘क्यूम’: आठवड्यात कधीही काही मिनिटं तरी ते केंद्र ज्यांच्या कानावर पडलं, ती सगळी माणसं. दुसरा, कोणत्याही पाव तासात सरासरी किती जण ऐकत होते तो. दादरच्या पुलावरून दिवसभरात किती माणसं गेली आणि या घडीला पुलावर किती उभी आहेत, एवढा फरक या दोहोंत असतो. पहिला आकडा खोटा नसतो. पण जाहिरातीत, भाषणात आणि व्हॉट्सॲपवर फक्त तोच फिरतो आणि मग पुलावरून गेलेला प्रत्येक माणूस दादरकर ठरतो.

टीव्हीच्या बाबतीत आणखी एक शब्द फसवा आहे: ‘पोहोच’. अमुक वाहिनी इतक्या कोटी घरांत पोहोचते, याचा अर्थ केबलच्या पॅकेजमध्ये ती आहे. माझ्या घरीही ट्रिनिटी ब्रॉडकास्टिंग नेटवर्क हे ख्रिस्ती टीव्ही नेटवर्क पोहोचलेलं आहे. मी ते आजवर एकदाच पाहिलं, तेही रिमोट सोफ्याखाली गेला होता म्हणून.

प्रश्नावली घेऊन लोकांनाच विचारलं तर? २०१४ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने विचारलं, तेव्हा २३ टक्के प्रौढांनी मागच्या आठवड्यात धार्मिक टीव्ही कार्यक्रम पाहिल्याचं सांगितलं. मोजणीयंत्रांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. त्यावर विश्वास ठेवण्याआधी १९९३ चा एक अभ्यास आठवावा. कर्क हॅडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्याच ओहायोतली ॲश्टब्युला काउंटी निवडली, चर्चगणिक प्रत्यक्ष हजेरी मोजली आणि ती लोकांनी फोनवर सांगितलेल्या हजेरीशी ताडून पाहिली. प्रत्यक्षात येणारे सांगणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास निघाले. लोक मुद्दाम खोटं बोलतात असं नाही. ‘मी चर्चला जाणारा माणूस आहे’ एवढं त्यांना सांगायचं असतं. आपल्याकडे ‘रोज पेपर वाचता का?’ विचारून बघा.

मग इतका फुगलेला आकडा चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकला कसा?

याचं उत्तर पैशाच्या वाटेत सापडतं, आणि मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

अमेरिकेतलं पहिलं धार्मिक प्रसारण २ जानेवारी १९२१ चं. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चची उपासना थेट ऐकवली. तिथे काम करणारे दोन तंत्रज्ञ, एक ज्यू आणि एक कॅथलिक, भाविकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून गायकवृंदाचे झगे घालून बसले होते, असं सांगतात. पुढे मोठी नेटवर्क धार्मिक कार्यक्रमांना फुकट वेळ देऊ लागली. तो वेळ बहुतेक जुन्या, प्रतिष्ठित पंथांच्या वाट्याला जाई. इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट प्रचारकांना वेळ विकत घ्यावा लागे आणि काही नेटवर्क तर विकायलाही तयार नसत. आर्मस्ट्राँग यांची ती प्रसारक संघटना १९४४ मध्ये याच रागातून जन्मली. १९६० मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी प्रसारण नियामकाने सांगितलं की पैसे घेऊन दाखवलेला धार्मिक कार्यक्रमही केंद्राच्या लोकसेवेत धरला जाईल. मग फुकट वेळ कोण देणार? जे पैसे मोजायला तयार होते, त्यांच्याकडेच मैदान आलं.

इथेच गणित उलटं झालं. साध्या वाहिनीवर प्रेक्षक घटले की जाहिरातदार पळतो. इथे प्रवचनकारच गिऱ्हाईक, तोच केंद्राला पैसे देतो, आणि ते पैसे थोड्याशा निष्ठावान देणगीदारांकडून येतात. पॅट रॉबर्टसन या टीव्ही प्रवचनकाराच्या ‘७०० क्लब’ या कार्यक्रमाचं नावच बघा. १९६३ च्या मदतफेरीत त्यांनी महिना दहा डॉलर देणारी सातशे माणसं मागितली होती. कार्यक्रमाच्या नावात प्रेक्षक नाहीत, देणगीदार आहेत! रॉबर्टसन यांची केबल वाहिनी १९९७ मध्ये फॉक्सकडे आणि २००१ मध्ये डिस्नेकडे गेली. तरी ‘७०० क्लब’ तिच्यावर चालूच राहिला, कारण विक्रीच्या करारात तशी अट होती. आज फ्रीफॉर्म नावाने चालणाऱ्या त्या वाहिनीवर तो दिसतो म्हणून त्याला तेवढे प्रेक्षक आहेत असं कुणी म्हणत असेल, तर त्याने आधी करार बघावा.

थोडक्यात, प्रेक्षकांचा आकडा फुगवला म्हणून कुणाचं नुकसान होत नव्हतं. उलट सगळ्यांचा फायदाच होता. प्रसारकांना वॉशिंग्टनमध्ये वजन हवं होतं. १९७९ मध्ये मॉरल मेजॉरिटी ही फॉलवेल यांची राजकीय संघटना स्थापन झाल्यावर विरोधकांनाही देणग्या उभ्या करण्यासाठी अक्राळविक्राळ शत्रू हवा होता. पत्रकारांना मथळा हवा होता. तिन्ही बाजूंना मोठाच आकडा सोयीचा होता. आमच्या तीन ग्रुपवर तात्पर्य बदललं आणि आकडा तोच राहिला, त्याचं कारणही तेच.

‘लाखो अश्रद्धांना वळवलं’

ॲनेनबर्गच्या अभ्यासात धार्मिक टीव्हीचा प्रेक्षक कसा निघाला? सरासरीपेक्षा वयस्क, स्त्रिया जास्त, शिक्षण कमी, दक्षिणेत जास्त, आणि मुळातच भाविक. बायबल वाचणारा, प्रार्थना करणारा, चर्चला वर्गणी देणारा. आपल्याकडे कीर्तनाला पुढच्या सतरंजीवर कोण बसलेलं असतं? ज्याला अभंग पाठ आहे तोच. बुवांनी त्याला पंढरीची वाट दाखवली, असं म्हणण्यात अर्थ नाही.

रेडिओवाले हे लपवतही नाहीत. ख्रिस्ती संगीत केंद्रांच्या धंद्यात ‘बेकी’ नावाची एक काल्पनिक श्रोती प्रसिद्ध आहे: पस्तिशी-चाळिशीतली, मुलांना गाडीने शाळेत सोडणारी, चर्चला जाणारी बाई. गाणी तिच्यासाठी निवडली जातात. गाडीत मुलं मागे बसलेली असताना नको ते शब्द कानावर पडू नयेत, ही तिची गरज. मी स्वतः हिंदू घरातली, तरी मुलगा लहान असताना याच कारणासाठी के-लव्ह हे ख्रिस्ती गाण्यांचं रेडिओ नेटवर्क लावून ठेवायचे. धर्मांतर झालं नाही. चार गाणी पाठ झाली.

बाहेरचा माणूस खरोखर ओढला गेल्याचं एक उदाहरण मला मान्य आहे: बिशप फुल्टन शीन. १९५२ पासून डुमाँट नेटवर्कवर, मिल्टन बर्ल या लोकप्रिय विनोदवीराच्या वेळेत, हा कॅथलिक बिशप फळा-खडू घेऊन बोलायचा आणि त्याला एमी पुरस्कारही मिळाला. पण तो सर्वसाधारण वाहिनीवर होता, प्रायोजक ॲडमिरल ही टीव्ही संच बनवणारी कंपनी होती आणि वाहिन्या होत्या मोजक्या. वेगळ्या ख्रिस्ती वाहिन्या निघाल्या, तशी ही वाट उलट अरुंद झाली. आपल्या वाहिनीवर आपलेच लोक.

‘त्यामुळे चर्च ओस पडली’

आधीच्या मुद्द्यानंतर याला फार शब्द लागू नयेत. चर्चची सदस्यसंख्या घटली, हे खरं आहे. गॅलपच्या मोजणीत १९९९ मध्ये ७० टक्के अमेरिकन कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचे सदस्य होते, २०२० मध्ये ४७. पण गेलेली माणसं सोफ्यावर बसून प्रवचन ऐकताहेत, याला आधार नाही. त्यातले बरेच ‘कोणताच धर्म नाही’ या रकान्यात गेले. जो रविवारी चर्चला जातो तोच सोमवारी गाडीत प्रवचन लावतो. ॲनेनबर्गलाही हेच दिसलं होतं. आजारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं हा अपवाद, आणि त्यांच्यासाठी टीव्ही चर्चच्या जागी येतो ते बरंच आहे. कोविडमध्ये उपासना ऑनलाइन गेल्या, पण २०२३ च्या प्यू अहवालाचा निष्कर्ष असा की प्रत्यक्ष जाणंच लोकांना अधिक पसंत आहे.

मजकुराखालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी जिम बेकर या टीव्ही प्रवचनकाराचं नाव घेऊन ‘सगळे भामटे’ असा निकाल दिला होता. बेकर यांना १९८९ मध्ये फसवणुकीबद्दल शिक्षा झाली, हे खरंच. पण मदर अँजेलिका यांनी १९८१ मध्ये अलाबामातल्या मठाच्या गॅरेजमधून सुरू केलेली ईडब्ल्यूटीएन ही कॅथलिक वाहिनी आणि बेकर यांना एकाच तराजूत घालायचं, तर मग बोलणंच खुंटलं.

‘बायबलचा पॉडकास्ट पहिल्या क्रमांकावर’

ही बातमी खरी आहे, अर्थ चुकीचा आहे. फादर माइक श्मिट्झ यांचा वर्षभरात बायबल वाचून दाखवणारा पॉडकास्ट १ जानेवारी २०२१ ला सुरू झाला आणि ॲपलच्या यादीत थेट वर गेला. २०२२ च्या जानेवारीत पुन्हा. महिना बघा. व्यायामशाळाही जानेवारीत भरतात. ॲपलची यादी एकूण श्रोत्यांची रांग लावत नाही. ऐकणं, नव्याने फॉलो करणारे आणि भाग पूर्ण ऐकण्याचं प्रमाण यांच्या मिश्रणातून ती बनते, त्यामुळे एकदम उसळी घेणारा वर जातो. संकल्पाच्या दिवसांत हजारोंनी एकाच आठवड्यात फॉलो केलं की झालं. ‘हॅलो’ (Hallow) हे प्रार्थनेचं ॲप १४ फेब्रुवारी २०२४ ला ॲप स्टोअरमध्ये पहिलं आलं. त्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस होता आणि तीनच दिवसांपूर्वी सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात त्याची जाहिरात झळकली होती.

डाउनलोडचा आकडाही जपून घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनची नवी प्रणाली आली आणि न ऐकलेले भाग आपोआप उतरवून घेण्याचं प्रमाण ॲपलने कमी केलं. अनेक पॉडकास्टचे डाउनलोड झपकन घसरले. ऐकणारा एकही माणूस कमी झाला नव्हता. जे फोनमध्ये साचत होतं, ते साचेनासं झालं एवढंच. बायबलच्या पॉडकास्टमध्ये उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे भाग किती जणांनी लावले आणि लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत किती टिकले, हे दोन आकडे शेजारी ठेवणारा फॉरवर्ड आला, तर मी तो स्वतः तिन्ही ग्रुपवर टाकीन.