झाडावर नंबर पडला म्हणजे ते तोडणार, हे कोणी सांगितलं?

परवा सकाळी बाबांचा फोन. "अगं, आपल्या गेटसमोरच्या झाडावर नंबर टाकून गेलेत. आता ते जाणार. त्यापेक्षा आपणच अर्ध्यावर छाटून घेतो, निदान बुंधा तरी वाचेल." बाबा 74 वर्षांचे, ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. रविवारी करवत घेऊन येणारा माणूसही त्यांनी ठरवून टाकला होता. झाड म्हणजे मी शाळेत जायला लागले तेव्हापासून रिक्षांना सावली देणारा रेन ट्री.

हे सगळं आलं "पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सोसायटीने हे कराच" या मेसेजमधून. माझ्याकडे तो तीन ग्रुपवरून आला. त्यात म्हटलंय: नंबर पडलेली झाडं पालिका तोडणार आहे, मोठी झाडं अर्ध्यावर छाटली की वादळात पडत नाहीत आणि नव्या जोमाने फुटतात, गेटसमोरचं झाड छाटायला परवानगी लागत नाही, बुंध्याभोवती काँक्रीट भरलं की मुळं पक्की होतात, परदेशी झाडं काढून सगळीकडे पिंपळ लावा, तो 24 तास ऑक्सिजन देतो.

अर्ध्यावर छाटण्याचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून तो आधी. झाडाचं अन्न पानांत तयार होतं. सगळा माथा एका दिवसात उडवला की झाड उपाशी पडतं आणि खोडात साठवलेलं खर्च करून घाईघाईने धुमारे फेकतं. मेसेज ज्याला "नवा जोम" म्हणतो तो हाच. मूळची फांदी खोडाबरोबर वर्षानुवर्षं वाढलेली असते, तिचं बूड खोडाच्या लाकडात खोलवर रुतलेलं असतं. धुमारा सालीच्या लगेच आतून फुटतो, वरवर चिकटलेला असतो. तीन-चार वर्षांत तो मनगटाएवढा, मग मांडीएवढा होतो आणि एखाद्या जूनच्या वाऱ्यात सालीसकट सोलून खाली येतो. खाली कोण उभं असेल, ते त्याचं नशीब.

दुसरं नुकसान आतून होतं. आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवून दिलं. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती भिंत घालून त्याला कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे थोडी सुजल्यासारखी वळी असते. त्या वळीला धक्का न लावता फांदी कापली तर ही भिंत नीट पडते. जाड खोड मधेच आडवं कापलं तर झाडाला ते जमत नाही. वरून चार महिने पाणी मुरतं, आत ढोली होते, आणि बाहेरून हिरवंगार दिसणारं झाड पोकळ झालेलं असतं. म्हणजे ज्या भीतीने छाटायचं, ती भीती खरी करून ठेवायची.

एवढं मान्य करते, की वाळलेल्या आणि तारांत अडकलेल्या फांद्या पावसाआधी काढायलाच हव्यात. गुलमोहराचं आणि सोनमोहराचं लाकूड ठिसूळ असतं, फांद्या मोडतात. झाड पडून ठाण्यात माणसं गेली आहेत, ही भीती खोटी नाही. पण झाडं मुळापासून उलटतात त्याचं कारण बहुतेक वेळा खाली असतं. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ येऊन गेल्यावर मी नौपाड्यातून चालत गेले होते. पडलेल्या दोन झाडांची मुळं रस्त्याच्या बाजूला सुरीने कापल्यासारखी एका रेषेत तुटलेली होती. गटार नाहीतर केबलसाठी चर खणताना कधीतरी तोडलेली. अशा झाडाचा शेंडा मारून काय होणार?

परवानगी लागत नाही, हे सरळ खोटं आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा "झाड तोडणे" याच्या व्याख्येतच जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे धरतो. गेट तुमचं असलं तरी झाडाला हा कायदा लागू आहे. बाबांनी रविवारी तो माणूस चढवला असता तर शिक्षेला पात्र ठरले असते ते स्वतः, मेसेज पाठवणारा नाही.

आणि नंबराचं उत्तर याच कायद्यात आहे. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणं हे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचं काम आहे. गणनेत झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा बुंध्याचा घेर, उंची, प्रकृती आणि जागा नोंदवतात. रस्त्याच्या कामासाठी जाणाऱ्या झाडांवरही आकडे टाकतात, मेट्रो 4 च्या मार्गावर झाडं तुटलेली ठाणेकरांनी पाहिली आहेत, त्यामुळे लोक का बिचकतात ते मला कळतं. पण तोडीचा प्रस्ताव असेल तर झाडावर नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, हरकती घ्याव्या लागतात. नोटीस नाही, नुसता नंबर आहे, तर ती बहुधा गणनेची नोंद आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड "वारसा वृक्ष" ठरतं, आणि एखादं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. वय ठरवायला घेर लागतो, घेर कळायला नोंद लागते. नोंदच नसलेलं झाड रात्रीतून गेलं तर ते तिथे होतं हे सिद्ध कशाने करणार? असं असताना लोक नंबर खरवडून काढताहेत!

काँक्रीटचं थोडक्यात. मुळांना हवा आणि पाणी लागतं, ती बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं ते यासाठीच. बुंध्याशी आळं हवं, सिमेंट नको.

गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री अमेरिका खंडातला, हे खरं. नवीन लावताना ताम्हण, बकुळ, करंज लावा, मी स्वतः खड्डे खणायला येईन. पण वाढलेली सावली पासपोर्ट बघून तोडायची नसते. पिंपळालाही ऑक्सिजन तयार करायला उजेड लागतो. चार फुटी फुटपाथवर लावलेला पिंपळ पुढे गटार आणि कुंपणाची भिंत फोडणार, मग हीच मंडळी तो तोडायचा अर्ज करणार.

बाबांना हे सगळं फोनवर पटलं नाही. शनिवारी मी गेले, शिंप्याची टेप घेऊन. टेप दीड मीटरची, त्यामुळे दोनदा लावावी लागली: घेर 2 मीटर 70 सेंटीमीटर. बाबांनी तो आकडा आणि झाडावरचा नंबर सोसायटीच्या वहीत लिहिला, फोटो काढला, करवतवाल्याला नको म्हणून कळवलं. रस्त्याकडे झुकलेल्या दोन वाळक्या फांद्यांसाठी उद्यान विभागाला द्यायचा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. सोमवारी तो द्यायला आम्ही दोघं जाणार आहोत.