खासगी वाट आणि सार्वजनिक चर

अवकाळीच्या पहिल्याच गडगडाटात मामाच्या कॅनिंग फॅक्टरीत वीज शिरली. हिशेबाचा कंप्युटर गेला, प्रिंटर गेला, मामाचा रक्तदाब तेवढा वर गेला. सीएने सल्ला दिला, सगळं खासगी क्लाऊडवर, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरात आपल्यासाठी राखलेल्या कंप्युटरवर ठेवा. आणि घरून काम करण्यासाठी देवगडला परतलेला मी घरचाच, शिवाय फुकटचा इंजिनीअर!

"क्लाऊड म्हणजे ढगच मा?" मामाने विचारलं.

"हो."

"मगे तो मुंबयक कित्याक? हंयसर काय कमी आसत?"

ढग मुंबईत ठरला. तिथवर जायचं कसं, यावर दोन महिने गेले. साधं ब्रॉडबँड घेऊन त्यावर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटच्या आतून जाणारा सांकेतिक बोगदा घालायचा, फक्त आपल्यासाठी राखलेली लीज्ड लाइन घ्यायची, की थेट क्लाऊडवाल्यांचीच खासगी जोडणी? ॲमेझॉनची डायरेक्ट कनेक्ट आणि मायक्रोसॉफ्टची एक्स्प्रेसरूट, दोन्ही लहानात लहान ५० एमबीपीएसपासून सुरू होतात. आमच्याकडे सहा कंप्युटर, त्यांतल्या दोघांवर पत्ते खेळले जातात.

तरी मला मोह पडला. इंटरनेटच्या गर्दीत न शिरता आपला डेटा आपल्याच वाटेने जाणार! पण ही वाट सुरू होते मुंबईच्या डेटा सेंटरात. देवगड ते मुंबई तुमचं तुम्ही बघा. कोकण रेल्वे देवगडला येते म्हणतात ना, तसंच हे. गाडी नांदगावला सोडते, पुढे सामान डोक्यावर. शिवाय खासगी म्हणजे कुलूपबंद नव्हे. त्या वाटेवरचा डेटा आपोआप सांकेतिक होत नाही, ती सोय वेगळी करावी लागते. आवाराला गडगा घातला म्हणून दाराला कडी लागत नाही.

मग लीज्ड लाइनवाला मुलगा आला. दोन ग्लास कोकम सरबत पिऊन म्हणाला, "९९.५ टक्के अपटाइमची हमी, काका." मी फोनवर गुणाकार केला. वर्षाचे ८,७६० तास, त्यांचा अर्धा टक्का म्हणजे जवळपास ४४ तास. तेवढा वेळ लाइन बंद पडली तरी करार शाबूत.

"नि ते चव्वेचाळीस तास मे म्हयन्यात इले तर?" मामाने विचारलं. मुलाने तिसरा ग्लास मागितला नाही.

शेवटी ब्रॉडबँड आणि व्हीपीएन. वेगाची चिंता नव्हतीच. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर पळतो, म्हणजे देवगड-मुंबई साडेचारशे किलोमीटर धरले तरी सव्वादोन मिलिसेकंद. हायवेचं काम कधी पुरं होणार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पण व्हीपीएनचा बोगदा उभा राहिला आणि नवंच दुखणं निघालं. लॉगिन होई, मेनू दिसे, पिंग, म्हणजे पलीकडच्या कंप्युटरला मारलेली छोटी हाक, तर टुणटुणीत. आंब्याच्या आवकेचा अहवाल उघडला की पडदा गोठला! चार दिवस मी पासवर्ड, राउटर आणि स्वतःचं नशीब बदलून पाहिलं. कारण निघालं मापाचं. वाटेवरून एका वेळी डेटाचं जास्तीत जास्त १५०० बाइटचं पाकीट जातं. व्हीपीएन त्यावर आपलं वेष्टण चढवतं, ते मापाबाहेर जातं आणि वाटेत कुणीतरी गुपचूप टाकून देतं. छोटी पाकिटं बिनबोभाट जातात म्हणून लॉगिन चालतं. माप १४०० वर आणलं, अहवाल धो धो यायला लागले. मामाला समजावलं, पेटीत पेंढा घातला की आंबे कमी बसतात.

"ह्या कळाक तुका चार दिस लागले?"

अपमान गिळून मी पक्का बंदोबस्त केला. एका कंपनीचं ब्रॉडबँड, ते पडलं तर दुसऱ्या कंपनीचं, दोन्ही पडली तर फोरजी सिम. तीन वाटांचं चित्र काढून ऑफिसात गणपतीच्या कॅलेंडरशेजारी लावलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दारात आंब्याचे चार टेम्पो उभे असताना, पहिली लाइन गेली. मी शांत. दुसरी गेली. मी सिमकडे पाहिलं, तर त्याच्यावरही एक दांडी नाही. दोन्ही कंपन्यांची फायबर एकाच चरातून गेलेली, आणि टॉवरला पोचणारी फायबरही त्यातलीच, हे त्या दिवशी कळलं. चित्रातल्या तिन्ही वाटा गेटापासून शंभर पावलांवर एकत्र येत होत्या. तिथे नळपाणी योजनेच्या पाइपसाठी जेसीबी लागला होता.

मामा काही बोलला नाही. वही काढून पेन्सिलीला टोक करायला बसला.

तेवढ्यात जेसीबीचा ड्रायव्हर दारात आला. घाटावरचा, लाल धुळीने माखलेला. हातातला मोबाइल वर धरून म्हणाला, "सायेब, तुमच्याकडं नेट हाय का? सकाळपास्नं घरी फोनच लागंना झालाय."