सर, बसा, सोडतो!

गोव्यात माणूस रिकाम्या हाताने चालताना दिसला की लोकांना काळजी वाटते. पिशवी असली तर तो नुस्त्याला, म्हणजे मासळीला चाललाय, फुलांची पुडी असली तर देवळात. काहीच नसलं तर घरी भांडून निघालाय, हे नक्की.

त्यात मी फोंडा तालुक्यात ३४ वर्षं गणित शिकवलेलं. इथल्या दर तिसऱ्या दुचाकीवर माझा एखादा विद्यार्थी बसलेला असतो. पण ते पुढे.

गेल्या मार्चात मी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर बसलो तो बसलोच. दाढी वाढली, भजनाला जाणं सुटलं. दुपार कधी झाली आणि कधी संपली ते कळेना. बायकोला खरा संशय आला तो पेपरमुळे. निधनवार्तेतलं जन्मसाल आणि वय ताडून चूक काढायची, ही माझी रोजची सकाळची करमणूक. सलग आठ दिवस मी एकही चूक काढली नाही, तेव्हा ती मला उचलून डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर माझाच विद्यार्थी. त्याने पंधरा प्रश्नांचा कागद पुढे केला. उत्तरं फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. जन्मभर मी पोरांना ‘कारणे द्या’ म्हणत आलो, इथे कारणाला जागाच नव्हती. बेरीज झाली आणि डिप्रेशन निघालं. गोळी सुरू झाली, सोबत चालणं. पासष्टीपुढच्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं हालचाल करावी, शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते म्हणे.

“अरे, सोप्यावरून न्हाणीत जायला मला अर्धा तास मनाची समजूत घालावी लागते,” मी म्हटलं. “तू १५० मिनिटं काय सांगतोस?”

मग त्याने १९९९ सालचा एक अमेरिकन अभ्यास सांगितला. पन्नाशी ओलांडलेले १५६ डिप्रेशनचे रुग्ण. काहींना गोळ्या, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. गोळीवाल्यांना आधी उतार पडला, पण सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळजवळ सारखेच.

“मग गोळी बंद करू?”

“सर, मधली स्टेप गाळायची नाही, असं तुम्हीच सांगायचात.”

आपलंच वाक्य आपल्याला परत मिळणं, ही मास्तरकीची शिक्षा.

मन लागेल तेव्हा उठू म्हणून थांबायचं नाही, आधी उठायचं, मन मागून येतं, हे त्याने बजावलं. ही पद्धत गोव्यातल्याच आरोग्यकेंद्रांत तपासली गेली आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. रुग्णांशी बोलायला बसले होते ते डॉक्टरही नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. माझ्या वाट्याला आलेल्या मुलीने मला वही ठेवायला लावली. त्या वहीची सुरुवात अशी आहे: पहिला दिवस, गेट. दुसरा दिवस, गेट. तिसरा दिवस, गेट, पाऊस. चौथा दिवस कोरा आहे, त्याबद्दल विचारू नये.

जुलैत मजल नागेशीच्या देवळाच्या तळीपर्यंत गेली. जाऊन-येऊन ३० मिनिटं, पाच दिवसांचे १५०. कागदावर चोख गणित. रस्त्यावर पाय टाकला आणि मागून ब्रेक वाजला. “सर, खंय वतात? बसात, सोडटां!” नको म्हटलं तर “राग आला काय सर?” एकाला मी नववीत दोनदा बसवला होता. त्याला नाही म्हणायला जीभ रेटेना. त्याने तळीवर सोडलं, दुसऱ्याने तिथून उचलून घरी आणलं. एकूण वेळ अकरा मिनिटं, त्यात चाललो चार. तेही वहीत आहे.

शेवटी कारण सांगणं आलं. डिप्रेशन म्हणायला तोंड होईना, म्हणून म्हटलं, “शुगर.” शुगर हा आपल्याकडे इभ्रतीचा आजार, तो प्रत्येक बऱ्या घरात असतो. लिफ्ट काही थांबल्या नाहीत, वर कारल्याचा रस घरपोच येऊ लागला. मग मी देवळाला प्रदक्षिणा घालू लागलो, कारण तिथे स्कूटर येत नाही. चौथ्या दिवशी भटजींनी हळूच विचारलं, “सर, नवस कसला?”

वाटेत मला कधीच काही न विचारणारा माणूस एकच, शेजारचे भाई. मुलगा बंगळूरला गेल्यापासून तेही आपल्या सोप्यावर बसलेले असत. मी जाताना बघायचे, येताना बघायचे.

चवथीला त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी सगळ्यांपुढे नेवऱ्या, म्हणजे आपल्या गोड करंज्या ठेवल्या आणि माझ्यापुढे तवशाच्या, म्हणजे काकडीच्या फोडी. “तुम्हाला शुगर ना!” त्या फोडी बघून मात्र माझा धीर सुटला. “वहिनी, शुगर नाही हो मला. डिप्रेशन आहे.”

पलीकडच्या घरातली आरती तेवढी ऐकू येत होती. वहिनींनी मुकाट्याने तवसं उचललं आणि सहा नेवऱ्या आणून ठेवल्या. सहा जरा जास्तच, पण मी आजारी होतो. भाई गणपतीकडे बघत राहिले.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी सकाळी भाई माझ्या गेटवर उभे. हातात छत्री, पायात मुलाचे बूट.

“भाई, खंय चल्ले?”

“मलाही थोडी शुगर आहे,” भाई म्हणाले.

निघालो. वळणावर ब्रेक वाजला. “सर, बसात, सोड—” म्हणता म्हणता त्याने भाईंकडे पाहिलं, मागच्या सीटकडे पाहिलं, मनात हिशेब केला आणि निघून गेला. दहावीला गणितात ३५ होते त्याला.